गाडी कुणाची, मर्जी कुणाची?

(जरीपटका, नागपूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मालवाहतुकीचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर शाळेच्या प्रवेशनोंदवहीत आहे. तिच्यातील ‘पालकाचा व्यवसाय’ हा रकाना वरून खाली वाचत गेलात तर हेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतील: गाडीमालक, ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, हमाल, ट्रान्सपोर्टमध्ये मुनीम. अलीकडे त्यांत ‘डिलिव्हरी’ हा एक शब्द वाढला आहे. ज्या धंद्यावर आपल्या एवढ्या घरांची चूल पेटते, त्या धंद्याचे गणित शाळेने समजावून सांगायचे नाही, तर मग कुणी सांगायचे?

आपले गाव तर ह्या धंद्याच्या ऐन मध्यावर बसलेले आहे. श्रीनगर–कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि हाजिरा–पारादीप हा ५३ क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. जरीपटक्याहून कामठी रोडला लागून ऑटोमोटिव्ह चौकात पाच मिनिटे उभे राहा, निम्म्या हिंदुस्थानचे नंबर डोळ्यांसमोरून जातील. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्यापूर्वी कराच्या सोयीसाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान लहान गोदामे ठेवीत. ती गरज संपल्यावर मध्यवर्ती ठिकाणच्या मोठ्या गोदामांना महत्त्व आले. वाडी, बुटीबोरी, हिंगणा, मिहान ही नावे मुंबई-दिल्लीच्या कंपन्यांच्या तोंडी बसली. मुंबईचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी अखेरपर्यंत खुला झाला. थोडक्यात, काम वाढले आहे. आता प्रश्न असा, की काम वाढले त्या मानाने गाडीवाल्याचा मानपान आणि त्याच्या घरचा पैसा वाढला का?

ह्या प्रश्नाचा विचार आज आपण करू.

काम बाहेर देण्याची रीत

पूर्वी पुष्कळ कारखाने स्वतःच्या गाड्या, स्वतःचे ड्रायव्हर आणि स्वतःचे गोदाम ठेवीत. आता हे काम बाहेर दिले जाते. ह्यात वाईट काही नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. सणासुदीला पन्नास गाड्या लागतात आणि पावसाळ्यात दहाही पुरतात. मग वर्षभर पन्नास गाड्या कोण पोसणार? शिवाय ज्याचा धंदा साबण करण्याचा आहे त्याने टायर आणि डिझेल ह्यांत डोके का घालावे? वाहतुकीचा जाणकार हे काम स्वस्तात आणि नीट करतो. त्यामुळेच हजारो लहान माणसांना धंदा मिळाला.

परंतु काम बाहेर गेले की त्याची साखळी तयार होते. कारखाना एका मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीशी वर्षाचा करार करतो. पुष्कळदा त्या कंपनीजवळ स्वतःच्या गाड्या थोड्याच असतात. ती काम ट्रान्सपोर्टरला देते. ट्रान्सपोर्टरला गाड्या कमी पडल्या की तो दलालाला फोन लावतो. दलाल एका गाडीच्या मालकाला भाडे देतो. आणि सर्वांत शेवटी तो ड्रायव्हर असतो, जो कारखान्याचे नाव बिल्टीवरच प्रथम वाचतो. प्रत्येक कडी आपला हिस्सा काढून घेते आणि आपली जोखीम खालच्या कडीकडे ढकलते. तळाशी जो उभा आहे त्याच्याकडे ढकलायला कुणी उरत नाही.

आर.सी. बुकावर त्याचे नाव आहे, हप्ता त्याच्या नावाने कापला जातो, गाडीच्या कपाळावर त्याच्या आईचे किंवा मुलीचे नाव रंगवलेले आहे. तरी गाडी कधी निघेल, किती माल भरेल, केव्हा पोचेल आणि पैसे केव्हा मिळतील, ह्यांतले काहीच त्याच्या मर्जीवर नाही. मग त्याला मालक म्हणायचे की नोकर?

विडीच्या सुपातला जुना प्रश्न

हा प्रश्न नवा नाही. नागपूर-कामठीच्या घराघरांत आपल्या आजीने, नानीने मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. त्या पिढीने हाच प्रश्न भोगला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या खटल्याचा निकाल १९५८ साली लागला. कारखान्यातून तंबाखू नेऊन स्वतः किंवा आपल्या माणसांकडून विड्या करवून आणून देणारे जे सट्टेदार, ते स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतर नागपूरचाच खटला आला: बिरधीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर. तो १९६१ च्या न्यायनिवाड्यांत छापलेला आहे. येथे माणसे कारखान्यातच बसून विड्या वळत. मजुरी नगावर होती, येण्याजाण्याची वेळ बरीचशी सैल होती. मालकाचे म्हणणे असे, की ह्यांच्यावर आमची देखरेखच नाही, मग हे कामगार कसे? न्यायालयाने ते मानले नाही. त्यांना कारखान्यात येऊनच काम करावे लागते, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येत नाही, आणि ठरल्या प्रतीची नसलेली विडी नाकारण्याचा अधिकार मालकाच्या हाती आहे. हा नाकारण्याचा अधिकार म्हणजे देखरेखच होय, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांना कामगार ठरवले.

गाडीमालक कायद्याने कामगार ठरतो, असे मी म्हणत नाही. तो स्वतंत्र धंदेवाईकच आहे. परंतु ह्या दोन निकालांतून बळ कुणाकडे आहे हे ओळखण्याची एक रीत आपल्याला मिळते. कागदावर ‘मालक’ लिहिले आहे की ‘नोकर’, एवढ्याने भागत नाही. नाकारण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे पाहावे लागते. मालवाहतुकीच्या बाबतीत मी ह्याला आणखी दोन प्रश्न जोडतो: पैसे अडवून ठेवण्याचा अधिकार कुणाकडे आहे? आणि सोडून जाण्याची ताकद कुणाकडे आहे? ज्याच्याकडे ही तिन्ही असतात तो खरा धनी; गाडी कुणाच्याही नावावर असो.

पहिले बळ: नाकारणे आणि कापणे

माल भरताना ड्रायव्हरला पुष्कळ ठिकाणी आत उभे राहू देत नाहीत. सील लावलेली गाडी त्याच्या हवाली होते. पोचल्यावर मात्र मोजणी समोरच्याच्या गेटवर, समोरच्याच्या माणसाकडून होते. दोन पेट्या कमी भरल्या किंवा एक खोका दबलेला निघाला की पोचपावतीवर शेरा पडतो आणि महिन्याने बिलातून रक्कम कापली जाते. गाडी सहा तास उशिरा आली तर दंड आहे. तीच गाडी त्यांच्या गेटबाहेर दोन दिवस उभी राहिली तर हॉल्टिंग मागायला जीभ रेटत नाही. गाडीत जीपीएस आहे, म्हणजे ती कोठे आहे हे कंपनीला क्षणोक्षणी दिसते. परंतु गाडी उभी का राहिली, ह्याचा कागद कुणी करीत नाही.

हमालीचेही तेच. माल दुसऱ्याचा, उतरवून घेणारा दुसरा, आणि हमाली-वाराई मात्र गाडीवाल्याच्या खिशातून. म्हणूनच वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली.

जास्तीचा माल भरण्याची गोष्ट तर त्याहून वाईट. ‘दोन टन जास्त घे, नाही तर दुसरी गाडी बघतो’ असे सांगितले जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये असा झाला. रस्त्यावर तो वसूल होतो गाडीकडून. ज्याने भरायला लावले तो तेव्हा आपल्या कचेरीत पंख्याखाली बसलेला असतो.

दुसरे बळ: पैसे अडवून ठेवणे

विद्यार्थी मित्रहो, आता वही काढा. हे सातवी-आठवीचे गणित आहे. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही घरचे घालून पाहा.

समजा, एका गाडीच्या महिन्याला ४ खेपा होतात आणि एका खेपेचे भाडे ५०,००० रुपये आहे. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार, खुराकी आणि हमाली मिळून खेपेला ३५,००० जातात. हप्ता, विमा आणि टायर ह्यांचा वाटा १२,०००. म्हणजे एकूण ४७,००० गेले आणि ३,००० उरले. ठीक आहे.

आता कंपनी म्हणते, बिल ९० दिवसांनी मिळेल. डिझेलवाला थांबत नाही, टोलनाका थांबत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. तीन महिन्यांत १२ खेपा झाल्या, म्हणजे ४७ हजार गुणिले १२, बरोबर ५,६४,००० रुपये गाडीमालकाचे अडकले. तेवढी रक्कम त्याने महिना दीड टक्क्याने उचलली तर दरमहा व्याज ८,४६० रुपये होते. ते ४ खेपांवर वाटले की खेपेला २,११५ रुपये. म्हणजे ३,००० मधून उरले फक्त ८८५.

आता भाडे एक रुपयानेही वाढवू नका. केवळ पैसे ४५ दिवसांत द्या. अडकलेली रक्कम निम्मी, म्हणजे २,८२,००० झाली. महिन्याचे व्याज ४,२३०, खेपेला सुमारे १,०५८. हाती उरले सुमारे १,९४२ रुपये. आधीच्या दुपटीहून अधिक!

ह्या गणिताचा अर्थ नीट पाहा. करोडोंची कंपनी एका गाडीच्या मालकाकडून साडेपाच लाखांहून अधिक रुपये बिनव्याजी वापरीत आहे. आपण भाड्यासाठी भांडतो आणि मुदतीकडे दुर्लक्ष करतो. घरातल्या बाईमाणसाला विचारा, ती बरोबर सांगेल की पैसा किती आला त्याइतकेच तो केव्हा आला हे महत्त्वाचे असते.

डिझेलचेही असेच आहे. ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला आणि १६ जून २०१७ पासून तो रोज बदलता झाला. वर्षभराचा करार एकाच भाड्याने केला आणि भाववाढीचे कलम घातले नाही, तर त्या वर्षाची सगळी जोखीम गाडीमालकाने फुकट विकत घेतली असे समजा.

तिसरे बळ: सोडून जाता येणे

आता थोडे इतिहासात जाऊ. १८०३ साली इंग्रजांचे शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांच्याशी युद्ध झाले. आधी असई, मग वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे ज्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जग ओळखू लागले. त्याच्या फौजेला धान्य पुरवणारे कोण होते? बंजाऱ्यांचे तांडे. ते स्वतःच्या भांडवलाने धान्य घेत, बैलांच्या पाठीवर लादून छावणीत आणीत आणि विकीत. ते कुणाचे नोकर नव्हते. एका छावणीत भाव पटला नाही तर दुसरी छावणी होती. म्हणून सेनापतीलाही त्यांची मनधरणी करावी लागे. वेलस्ली हुशार होता. त्याने संपूर्ण भिस्त तांड्यांवर ठेवली नाही, म्हैसूरचे सरकारी बैलही जवळ बाळगले. दोन्ही बाजूंना पर्याय होता, म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांची किंमत होती.

पुढे १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. व्यापाऱ्याला नवा पर्याय मिळाला, तांड्याला मात्र मिळाला नाही. बैल तेच होते, मेहनत तीच होती, प्रामाणिकपणाही तोच होता. तरी लादणीचा धंदा हातचा गेला. ह्यातून घ्यायचा धडा असा, की मेहनत आणि इमान ह्यांच्या जोडीला दुसरा दरवाजा उघडा असावा लागतो.

हे दोन्ही बाजूंना लागू आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसी ह्या प्रसिद्ध कंपनीने आपल्या मालवाहतुकीचे काम जुन्या बिडव्हेस्ट कंपनीकडून काढून डीएचएलला दिले. नवी व्यवस्था एकाच गोदामावर उभी होती. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. कोंबडी विकणाऱ्या दुकानांत कोंबडीच पोचेना. सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून अधिक बंद ठेवावी लागली. पुढच्याच महिन्यात कामाचा एक भाग परत जुन्या कंपनीकडे गेला. आणि इतके दूर तरी कशाला जावे? १ आणि २ जानेवारी २०२४ रोजी नव्या दंडसंहितेतील अपघाताच्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर मंडळींनी चाके थांबवली, तेव्हा आपल्याच शहरातील पेट्रोलपंपांवर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या आहेत. दोन दिवसांत सर्वांना कळले की ही माणसे कोण आहेत.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. कंपनी नेहमी बलवान आणि वाहतूकवाला नेहमी दुबळा, असे नसते. हिंगण्यातला लहान कारखानदार जेव्हा एखाद्या देशव्यापी कुरिअर किंवा लॉजिस्टिक्स कंपनीकडे जातो, तेव्हा दर तीच ठरवते आणि अटी तिच्याच छापील कागदावर असतात. बळ जातीने किंवा धंद्याने ठरत नाही. ज्याला दुसऱ्यावाचून अडत नाही, त्याच्याकडे ते असते. म्हणून ज्या गाडीमालकाच्या सगळ्या खेपा एकाच कंपनीच्या आहेत, त्याला मी बिनपगारी नोकर म्हणतो.

कायदा काय देतो

आता उपायांकडे येऊ. पहिला उपाय कायद्यात लिहिलेला आहे, पण आपल्यापैकी फार थोड्यांनी तो वाचला आहे.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरल्या तारखेला दिले पाहिजेत, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे असता कामा नये, मग करारात काहीही लिहिलेले असो. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मालवाहतूक ही सेवा आहे, म्हणून गाडीमालकालाही उद्यम नोंदणी करता येते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि १० कोटींची उलाढाल अशी आहे. म्हणजे एक-दोन गाड्यांचा मालक सहज तीत बसतो. ही नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवावी. भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीचा आधार कच्चा असतो. तक्रार सुविधा परिषदेकडे करायची, आणि कंपनी गुरुग्रामची असो की चेन्नईची, पुरवठादार जेथे आहे तेथील परिषदेला ती ऐकण्याचा अधिकार आहे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक काम केले. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, आयकरात वजा मिळणार नाही अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली. तसेच ‘ट्रेड्स’ नावाच्या व्यवस्थेवर कंपनीने मान्य केलेले बिल बँकेकडून आधी वटवून घेता येते. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी तेथे नोंदणी करावी, असा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाला.

दुसरा कायदा २००७ चा, रस्त्याने मालवाहतुकीचा. १८६५ चा इंग्रजी अंमलातला जुना कायदा जाऊन तो आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. माल देणाऱ्याने मालाचा तपशील आणि किंमत लेखी द्यायची, वाहतूकदाराने पावती द्यायची, आणि नुकसानीचा दावा लावायचा असेल तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. जादा जोखमीचा वेगळा करार नसेल तर नुकसानभरपाईची मर्यादा साधारणपणे भाड्याच्या दहापट आहे. किती जणांना हे ठाऊक आहे? कंपनीने बिलातून परस्पर कापले, आणि आपण ‘नशीब’ म्हणून सोडून दिले!

मग लोक कायदा का वापरत नाहीत?

कारण उघड आहे. तक्रार केली की पुढचे काम बंद. एकट्या माणसाला हक्क परवडत नाही. येथे मला आपल्या महाराष्ट्राचीच एक थोर गोष्ट सांगावीशी वाटते.

मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांना कुणी एक मालक नव्हता. आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मधला टोळीवाला मजुरी घेई आणि त्यातून देई तेवढे खरे. प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नव्हे. अण्णासाहेब पाटील ह्यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. ह्या कायद्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. हमाल कुणा एकाचा नोकर आहे की नाही, ह्या वादात तो अडकला नाही. त्याने एक मंडळ नेमले. मालकांनी तेथे नाव नोंदवायचे, कामगारांनीही तेथेच नोंदवायचे, आणि मजुरी मंडळामार्फत द्यायची. मजुरीवर मालकाकडून ठरावीक अंशदान घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी वगैरे सोयी झाल्या. ज्याच्याकडून काम मिळते त्याच्याच मुठीत पैसा राहू नये, ही त्यातली गोम. त्या कायद्याच्या अंमलात पुढे दोष शिरले नाहीत असे नाही, परंतु विखुरलेल्या माणसालाही बळ देता येते हे त्याने सिद्ध केले.

गाडीमालकांनीही हाच धडा घ्यायचा आहे. दहा जणांनी मिळून हॉल्टिंगचा एक दर ठरवला, ४५ दिवसांची अट एकत्र मागितली, तर ‘दुसरी गाडी बघतो’ ह्या धमकीतले निम्मे विष उतरते. एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा संघटनेच्या पत्राला लवकर उत्तर येते. मात्र दहातला एक जण पन्नास रुपयांसाठी खाली उतरला, की सगळे संपले. हा दोष कंपनीचा नव्हे, तो आपला आहे, आणि तो आपल्यालाच घालवायचा आहे.

पाठीवर पिशवी असलेल्या तरुणांना

आपल्या वस्तीतील कितीतरी तरुण आज मोटरसायकलवर पाठीला पिशवी लावून घरोघर सामान पोचवतात. त्यांना ‘पार्टनर’ म्हणतात. ह्या शब्दाला भुलू नका. मघाचे तीन प्रश्न विचारा. काम कोण देतो आणि कोण बंद करतो? दर कोण बदलतो? तुमचा आयडी कुणाच्या हातात आहे? विडी नाकारणारा हात निदान समोर दिसत असे. आता तो मोबाईलच्या आत आहे आणि त्याला ‘रेटिंग’ म्हणतात.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने अशा कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले. त्यांच्या सुरक्षेच्या निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे आहेत. मात्र ही रक्कम कामगारांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. फायदा नोंदणी करणाऱ्यालाच मिळेल. तेव्हा नोंदणी करा, आणि जे तुमच्यापेक्षा कमी शिकलेले आहेत त्यांची करून द्या.

शाळेचे काम

पालकबंधूंनो, ह्या सगळ्यात शाळेचा संबंध कोठे येतो ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. पोचपावतीवर इंग्रजीत पडलेला शेरा ज्याला वाचता येत नाही, तो सही करतो आणि स्वतःच्या नुकसानीवर शिक्कामोर्तब करतो. ज्याला वाचता येते, तो तेथेच खाली लिहितो: ‘सील शाबूत होते, मोजणी माझ्यासमोर झाली नाही.’ एवढ्या एका ओळीवर पुढे हजारो रुपये अडतात किंवा सुटतात. गाडी किती वाजता गेटवर आली आणि किती वाजता आत घेतली, हे वहीत लिहून गेटवरच्या माणसाची सही घेतली, की हॉल्टिंग मागण्याला पुरावा झाला.

लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआन शरीफातील सर्वांत दीर्घ आयत ही उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ह्याविषयीच आहे. आणि आपण मात्र लाखांचा माल तोंडी बोलीवर भरून निघतो आणि वर म्हणतो, ‘सेठ आपला माणूस आहे.’ सेठ आपला असेलही. पण उद्या सेठच्या जागी त्याचा मुनीम बसेल, तेव्हा कागदच बोलेल.

म्हणून मुलगा नववीत गेला की ‘चल, गाडीवर चढ’ म्हणू नका. त्याला दहावी-बारावी होऊ द्या. वाणिज्य शाखा घेतलेली मुलगी घरचे बिल आणि परताव्याचे कागद भरू शकते. तिचे शिक्षण थांबवू नका. गाडी चालवण्यात कमीपणा मुळीच नाही. कमीपणा आहे तो न वाचता सही करण्यात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक गृहपाठ देतो. ह्या आठवड्यात घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या एका खेपेचा हिशेब मांडा: भाडे किती, खर्च किती, पैसे किती दिवसांनी आले, कापले किती आणि कोणत्या कारणाने. अब्बांना राग येणार नाही. बहुधा त्यांनीही हा हिशेब एकत्र कधी पाहिलेला नसेल.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक नम्र विनंती आहे. शाळेची इमारत संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून दोन दिवस, दीड तास, गाडीमालक आणि ड्रायव्हर ह्यांच्यासाठी एक वर्ग सुरू करावा. बिल्टी कशी वाचावी, करारातील कोणत्या पाच कलमांवर बोट ठेवावे, उद्यम नोंदणी कशी करावी आणि व्याजाचा हिशेब कसा मांडावा, एवढेच शिकवू. फळा आहे, खडू आहे, शिकवायला मी आणि माझे दोन सहकारी तयार आहोत. पहिल्या दिवशी पाच जण आले तरी चालेल.